माघारीची जागा

मास्तरांचा शिष्य ओळखायला त्याचा नाच बघावा लागत नसे, जिना चढताना बघितला तरी पुरे. डाव्या गुडघ्याला बदामी पट्टी, हात कठड्यावर आणि चेहऱ्यावर असा भाव की पायाला पट्टी नाही, पदकच बांधलंय. खाली लाँड्री होती, वर क्लास. लाँड्रीवाल्याला तर बघायचीही गरज पडत नसे. जिन्यावर एक पाऊल जड आणि एक हलकं वाजलं की तो इस्त्रीवरची नजर न काढता म्हणायचा, "आलं वरचं गिऱ्हाईक." नवी मुलं दोन्ही पावलं सारखी टाकत यायची. वर्ष-दोन वर्षांत तीही मार्गाला लागायची.

आता हे पट्टीचं वेड आलं कुठून, ते आधी सांगायला हवं. मास्तर कथक शिकवायचे. उंचीने बेताचे, अंगाने सडपातळ, रागाने मात्र थेट आढ्याला लागणारे. पण नाचायला उभे राहिले की तो राग कुठे जायचा कोण जाणे. गिरक्यांवर गिरक्या घेत ते समेकडे यायचे. सम म्हणजे तालाच्या फेऱ्यातली पहिली मात्रा, तिथे पाय पडला की बघणाऱ्याची मान आपोआप हलते. बाकीचे नाचणारे शेवटची गिरकी घेतात आणि धाडकन समेवर उतरतात. मास्तर तसं करत नसत. गिरकी संपली की ते डाव्या पायाने अर्धं पाऊल मागे जायचे, क्षणभर तिथे रेलायचे आणि मग उजवा पाय हलकेच समेवर ठेवायचे. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि मग टाळ्या. या अर्ध्या पावलाला नाव पडलं माघार, आणि मास्तरांचं नावही त्यामुळेच झालं.

त्यांचा पट्टशिष्य लंबू. लहानपणीच ताडमाड वाढला म्हणून क्लासात हे नाव पडलं, आणि आता केस पिकले, देशोदेशी कार्यक्रम झाले, तरी ते काही सुटलं नाही. तो दर कार्यक्रमाआधी माइक हातात घेऊन समजावून सांगायचा, "विजयाच्या क्षणी नर्तक एक पाऊल मागे घेतो. हा अहंकाराचा त्याग आहे." लोक माना डोलवायचे. अहंकाराच्या त्यागाबद्दल लंबू इतक्या अभिमानाने बोलायचा की विचारू नका.

माघार घेताना सगळा भार डाव्या गुडघ्यावर यायचा, तोही पिळलेल्या. त्यामुळे तो दुखायचाच. पण क्लासात दुखण्याचं कोणाला काय! "गुडघा धरला म्हणजे माघार बसली," असं लंबूने एकदा म्हणून ठेवलं होतं. झालं. ज्याचा गुडघा दुखत नाही तो कच्चा ठरला. चांगल्या घरच्या शिकल्यासवरल्या मुली एकमेकींना विचारायच्या, "तुझा धरला का गं?" आणि जिचा धरला असेल ती लाजून हो म्हणायची.

मास्तर गेले. त्यांच्यामागे क्लास त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणत, आणि ती मास्तरांना अण्णा म्हणायची. ताईने स्वतः रंगमंच कधीच सोडला होता. तिचा हात शिकवण्यात होता, आणि जीभ बापावर गेली होती. क्लासात तबल्याला तिची आई. ही बाई गेली कित्येक वर्षं तबला वाजवत होती. सुरुवातीला लोक म्हणे बाई तबला कशी वाजवते ते बघायला यायचे आणि जाता जाता मास्तरांचा नाच बघून जायचे. वय झालं, बोटांची पेरं सुजू लागली, तरी आईने बैठक सोडली नव्हती. मास्तर होते तेव्हाच शिष्यांनी वर्गणी काढून तिला एक मशीन आणून दिलं होतं. बटण दाबलं की ठरलेल्या तालात एकच धून फिरून फिरून वाजत राहायची, तबल्यासकट. म्हातारीच्या हातांना आराम. आईने ते एक दिवस लावून बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि बंद केलं. "हे माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाली आणि माळ्यावर टाकून दिलं. सगळ्यांनी म्हटलं, म्हातारपणचा हट्ट.

मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं तसं लंबूच्या डोक्यात कार्यक्रम शिजू लागला. जगभरचे सगळे शिष्य एका रंगमंचावर आणायचे, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम गिरक्या घेऊन एकदम माघार घ्यायची. "अंगावर काटा येईल लोकांच्या," तो फोनवर म्हणाला. सगळ्यांच्या पुढे मधोमध नाचायची ती ताईची मुलगी. तिला आजोबांनी नाव ठेवलं होतं भिंगरी, कारण ती चालायला लागायच्या आधी फिरायला लागली होती. नात, तीही अशी गुणी. लंबूने निवड केली ती योग्यच होती, ताईलाही मनातून केवढा आनंद झाला होता.

आणि मग एका सकाळी भिंगरी जिन्यावर बसलेली दिसली. चढताना मध्येच बसली होती आणि उठत नव्हती.

"काय गं?"

"काही नाही. धरलाय थोडा." आणि वर हसली. तिला वाटलं, आई खूश होईल.

 ताईने क्लासला सुट्टी दिली आणि पोरीला हाडांच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरीण मोठी तिखट बाई. गुडघा इकडून दाबला, तिकडून दाबला, फोटो काढला, तो उजेडासमोर धरून बघितला आणि म्हणाली, "नाचून दाखव."

"इथे?"

"मग काय रस्त्यावर?"

भिंगरीने तपासायचं टेबल आणि वजनकाटा यांच्यामधल्या टीचभर जागेत गिरकी घेतली आणि माघार घेऊन उभी राहिली. डॉक्टरीण खुर्चीत पुढे सरकली.

"हे शेवटी काय केलंस? परत कर. हां, हे. हे कोणी शिकवलं?"

"आजोबांचं आहे," भिंगरी म्हणाली.

"आजोबांचा उजवा गुडघा कामातून गेला होता का?"

भिंगरी हसली. ताई हसली नाही. चोरी पकडल्यासारखी ती पर्स घट्ट धरून बसून राहिली.

"उजव्यावर भार घेता येत नाही असा माणूस असं वळतो," डॉक्टरीण म्हणाली. "तुझा उजवा ठणठणीत आहे. मग डाव्याच्या जिवावर का उठली आहेस? आतली गादी झिजत चालली आहे. आत्ता थांबलीस तर बरी होशील. असंच चालू ठेवलंस तर चार वर्षांनी नाच विसर आणि जिनाही विसर." मग ताईकडे वळून म्हणाली, "तुमच्या क्लासची ही तिसरी. मला वाटलं होतं, सगळी एकाच जिन्यावरून पडतात की काय."

घरी येताना भिंगरी बडबडत होती. कार्यक्रम होईपर्यंत पट्टी बांधते, मग विश्रांती घेते, आजोबांचं पाऊल काय सोडून देऊ की काय, लंबूमामा काय म्हणेल, वगैरे. ताईला एक शब्द ऐकू येत नव्हता.

तिला सगळं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत होती. ती शाळेत असतानाची गोष्ट. परगावच्या एका रंगमंचावरची फळी सैल होती. मास्तर गिरकीतून उतरले तो उजवा पाय फळीत गेला आणि गुडघ्यात काहीतरी तुटलं. पडद्याआड बसलेल्या ताईलाही आवाज आला. दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. मास्तरांनी डाव्या पायाने मागे रेलून तोल सावरला, दात आवळून उजवा पाय समेवर टेकवला, नमस्कार केला आणि चालत आत आले. आत येऊन कोसळले. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. लोकांना ते मागचं अर्धं पाऊल इतकं आवडलं होतं.

गुडघा पुन्हा कधी धड वाकला नाही. मास्तरांनी घरी बायकोला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, "ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जायची नाही. लंगड्या मास्तराकडे पोरं नाच शिकायला कोण पाठवेल? झाकली मूठ सव्वा लाखाची." ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शब्द दे." तिने दिला. नऊ-दहा वर्षांची पोर, बाप म्हणेल त्याला हो म्हणणारी. तो शब्द ती आजतागायत पाळत आली होती.

आणि गंमत बघा, मास्तरांनी माघार कधी कोणाला शिकवली नाही. मुलं करायला लागली की ओरडायचे, "ते सोडा! ते माझं आहे, तुमचं नाही." दुसरीकडे कुठे असतं तर मुलांनी सोडून दिलं असतं. पण ही नाचणारी जमात! गुरू म्हणतो हे तुमच्यासाठी नाही, म्हणजे नक्कीच ते सगळ्यात भारी आहे, अजून आपली लायकी नाही म्हणून देत नाही. मग काय, जो तो चोरून शिकू लागला. दाराच्या फटीतून बघून लंबूने पहिल्यांदा उचललं. आणि ज्या दिवशी त्याने ते मास्तरांसमोर करून दाखवलं त्या दिवशी मास्तर काहीच बोलले नाहीत. ओरडायचं सोडाच, नुसते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. लंबूला वाटलं, गुरुजी भरून पावले. पुढे म्हातारपणी मास्तर खुर्चीत बसून वर्ग बघायचे तेव्हाही, सगळे माघारीला आले की त्यांचं तोंड खिडकीकडे वळायचं. हे ताईने बघितलं होतं. दुसऱ्या कोणी बघितलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

लंबू आला तो तालमीच्या दोन दिवस आधी. हातात बॅग, गळ्यात मफलर, तोंडात कार्यक्रम. ताईने चहा दिला आणि हळूच विषय काढला.

"लंबूदादा, शेवटची माघार काढूया का? नुसते समेवर उतरू."

तो तिच्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू तिने बापाचा फोटो भिंतीवरून काढायचा म्हटलंय.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"पोरांचे गुडघे जाताहेत. भिंगरीचा जातोय. डॉक्टर म्हणाली—"

"डॉक्टरला नाचातलं काय कळतं? गुडघे माझेही दुखले. मेलो का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, गुरुजींचं काय उरलंय गं आपल्याकडे? आवाज नाही, चित्रफिती धड नाहीत. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. हे एक पाऊल आहे. ते मी जगभर फिरवलं. तेही टाकून दिलं तर ते होते हे कोणाला कशावरून कळणार?"

 खरं सांगावं तर बापाचा शब्द मोडतो, आणि वर जगभर फिरलेलं ते पाऊल म्हणजे एका लंगड्या माणसाची तारांबळ ठरते. न सांगावं तर पोरीचा पाय जातो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताईने चहाचे कप उचलले. लंबू उठला आणि निघाला. ती दारात उभी राहून बघत होती. तो जिना उतरत होता तो आडवा होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची. वळणावर त्याने वर बघितलं, ताई दिसली, तसा सरळ झाला आणि काही झालंच नाही अशा थाटात शेवटच्या पायऱ्या उतरला. आपल्या बापालाही ती अशीच सरळ होताना बघत आली होती.

ती तशीच आत गेली. आई तबल्याच्या कडेला हातोडीने ठोकून स्वर लावत होती. एक ठोका, मग बोटाने टिचकी, मग कान.

"आई, सांगून टाकू का गं सगळ्यांना?"

आईने काय सांगू, कोणाला सांगू असलं काही विचारलं नाही. "शब्द दिला आहेस ना?"

"दिलाय. म्हणून तर तुला विचारते. तूच मोकळं कर मला. नाहीतर मी आज पोरीला घेऊन कुठेतरी लांब जाते, चुलीत गेला तो कार्यक्रम!" आणि बोलता बोलता तिला रडू आलं. "माझा बाप मला हवाच आहे गं. पण माझी पोरही हवी आहे."

आईने हातोडी खाली ठेवली. पदराने तबल्यावरची पावडर पुसली.

"शब्द त्यांनी तुझ्याकडून घेतला," ती म्हणाली. "माझ्याकडून घेतला नाही. माझ्याकडून दुसरंच काहीतरी घेत होते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तालमीला सगळ्यांना बोलाव. आणि रडू नकोस, तबल्यावर पाणी पडलेलं चालत नाही."

तालमीच्या दिवशी क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. खाली लाँड्रीवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "आज छत खाली आलं तर कपड्यांची जबाबदारी माझी नाही." पिकलेल्या केसांचे, ढेरी सुटलेले, नुकत्याच वयात आलेल्या मुली, सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, एकमेकांच्या पट्ट्या बघत होते. भिंगरी मधोमध उभी होती. तिने पट्टीवर पट्टी बांधली होती.

ताई पुढे आली.  "एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "कार्यक्रमात माघार कोणी घ्यायची नाही. आजपासून या क्लासात माघार बंद."

क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं, असं कसं. कोणी म्हणालं, मग राहिलं काय. लंबूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कारण सांग," तो म्हणाला. "गुरुजींची मुलगी म्हणून तुझा मान आहे, ताई. पण कारण सांग."

ताईने तोंड उघडलं. बापाचा हात डोक्यावर आहे असं तिला वाटलं, अगदी वजनासकट.  भिंगरी तिच्याकडे बघत होती, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत नुसता राग होता.

"कारण मी सांगते," मागून आई म्हणाली. "आधी नाचा. उभे राहा सगळे."

आईने तबला धरला. तोंडाने बोल म्हणत तिने ताल सुरू केला, सोळा मात्रांचा, रोजचाच. सगळ्यांच्या घुंगरांनी खोली भरून गेली. जमीन थरथरू लागली. गिरक्या सुरू झाल्या, एक, दोन, तीन, सगळे एकदम फिरत होते आणि सगळे एकदम माघार घेऊन मागे रेलले. तेवढ्यात आईचा हात समेवर पडला. सगळ्यांचे पाय त्यानंतर पडले, कोणाचा थोडा उशिरा, कोणाचा जास्त, डब्यातून सांडलेल्या खिळ्यांसारखा आवाज झाला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लंबू हसला. "काकू, हात चुकला तुमचा."

"परत," आई म्हणाली.

पुन्हा तेच झालं.

"काकू, माघारीची जागा ठेवली नाहीत तुम्ही."

"कुठे असते ती जागा?"

"अहो, समेच्या आधी. नेहमीची."

"मोजून दाखव."

लंबू बोटांवर मोजू लागला. सोळा मात्रा झाल्या, सम आली. त्याने पुन्हा मोजलं. पेरं तीच, मात्रा त्याच. इतकी वर्षं तबलजींशी भांडून तो माघारीची जागा सोडायला लावत आला होता, आणि ते तालात बसत नाही म्हणून कुरकुरत आले होते. त्यांना तो अडाणी म्हणत होता. आता त्याचं बोट पंधरा आणि सोळाच्या पेरांवर येऊन अडकलं.

"ताई, माळ्यावरचं मशीन काढ," आई म्हणाली.

ताई स्टुलावर चढली. मशीन धुळीने माखलेलं होतं, पण बटण दाबताच धून वाजू लागली, जराही न चुकता. "आता यावर नाचा. माझा हात म्हातारा आहे, याचा तर नाही ना?" सगळे नाचले. मशीन समेवरून पुढे निघून गेलं आणि सगळे मागे राहिले.

आईने मशीन बंद केलं. 

"हे मशीन का ठेवून दिलं माहीत आहे? हे थांबत नाही," ती म्हणाली. "मी थांबायची. त्यांचा उजवा गुडघा मोडला होता रे पोरांनो. फळीत पाय गेला होता. गिरकीतून उतरायचे तर भार कुठे देणार? मागे रेलायचे, दुखणं गिळायचे आणि मग पाय टाकायचे. त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी सम हातात धरून ठेवायची. लोकांना वाटायचं ताल बिनचूक आहे. तो ताल नव्हता. मी नवऱ्यासाठी थांबलेली होते. पुढे ते खुर्चीत बसले, तुम्ही सगळे तसंच करू लागलात आणि माझा हात सवयीने थांबत राहिला. त्यांच्यासारखं कोणीतरी समोर आहे, बरं वाटायचं मला. तेवढ्यासाठी मी तुमचे गुडघे जाऊ दिले." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "पण आता ते नाहीत. मी कोणासाठी थांबू?"

कोणी तरी हुंदका दिला. लंबू भिंतीला टेकला. त्याचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर माइक धरून सांगितलेलं सगळं त्याला आठवत असणार. "त्यांनी मला सांगायचं तरी," तो पुटपुटला. ताई त्याला म्हणाली, "सांगितलं होतं की. ते माझं आहे, तुमचं नाही, असं रोज सांगायचे."

भिंगरीने खाली बसून पट्टी सोडली. एकीखाली दुसरी, तीही सोडली. मग उठली आणि आजीला म्हणाली, "वाजव."

"फार नाही. दोनच गिरक्या," ताई म्हणाली. "आणि दोन्ही पायांवर उतर."

आईने वाजवलं, कुठेही न थांबता. पोर फिरली आणि दोन्ही पायांवर भार देऊन थेट समेवर उतरली. पाय आणि तबला एकदम वाजले. ताईच्या डोळ्यांसमोर सैल फळीच्या आधीचे मास्तर उभे राहिले. ते असेच उतरायचे. ती विसरूनच गेली होती. "अण्णा!" ती मोठ्याने म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून रडू लागली. हळूहळू खोलीभर पट्ट्या सुटू लागल्या.

त्यानंतर दिवसभर तालीम चालली. जुनी खोडं पुन्हा पुन्हा माघारीला जायची आणि एकमेकांना चिमटे काढायची. एक ढेरीवाले गृहस्थ म्हणाले, "आयुष्यभर दुखणं सोसलं ते फुकटच की!" आणि सगळे हसले, तसे तेही हसले. सूर्य कलला तसे एकेक करून सगळे निघाले. जिन्यावर पाय जपून पडत होते, जड आणि हलके. सवय अशी एका दिवसात जाते थोडीच.

लंबू तेवढा राहिला. दिवसभर त्याने एकही गिरकी घेतली नव्हती, नुसता कोपऱ्यात उभा राहून इतरांना मोजून देत होता. ताई घुंगरं आवरत होती. तो आईसमोर येऊन उभा राहिला. मफलर हातात घेऊन पिळत होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"काकू, माझा गुडघा गेला आहे," तो म्हणाला. "डावा तर कधीच गेला. त्याला जपता जपता आता उजवाही गेला. मला दोन्ही पायांवर उतरताच येत नाही. कोणाला बोललो नाही." त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. "मला आता ती माघार खरंच लागते."

आईने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी दाराच्या फटीतून बघणारा हा पोरगा, मास्तरांनी पकडला तेव्हाही असाच उभा होता. तिने मशीन पायाने बाजूला सारलं, तबला पुढे ओढला आणि सुजलेली बोटं एकदा मिटून उघडली.

"ये, नाच," ती म्हणाली. "मी थांबते."